दशमांशाच्या पलीकडचा हिशेब

बेळगाव आणि वडोदरा येथे मेथडिस्ट मंडळी आहेत, तर हैदराबाद-सिकंदराबादेत वेस्ली हे नाव चर्चला आणि शाळेला दिलेले आढळते. ज्यांच्यामुळे ही दोन्ही नावे रूढ झाली, ते जॉन वेस्ली अठराव्या शतकातील इंग्लंडचे धर्मोपदेशक. पुनर्जागृतीचे प्रणेते, अर्धशतक घोड्यावरून फिरत उपदेश करणारे प्रवासी अशी त्यांची ओळख सर्वत्र सांगितली जाते. त्यांच्या आयुष्याचा एक धागा मात्र तुलनेने दुर्लक्षित राहिला. मिळालेल्या पैशातले किती द्यावे, कोणाला द्यावे आणि दिलेले योग्य ठिकाणी पोहोचले की नाही हे कसे पाहावे, या तीन प्रश्नांशी हा माणूस आयुष्यभर झुंजत होता.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर ख्रिस्ती परंपरेने फार पूर्वी देऊन ठेवले आहे. ते म्हणजे दशमांश. जुन्या करारानुसार इस्राएल लोकांनी धान्य, द्राक्षारस, तेल आणि गुरेढोरे यांचा दहावा हिस्सा देवासाठी वेगळा काढायचा होता. तो उपासनेची सेवा करणाऱ्या लेवी वंशाच्या निर्वाहासाठी जाई. अनुवादाच्या पुस्तकात दर तिसऱ्या वर्षीचा दशमांश लेव्यांबरोबरच परदेशी, अनाथ आणि विधवा यांच्यासाठी गावातच ठेवण्याची आज्ञा आहे. म्हणजे दशमांश किती हे जसे ठरले होते, तसे तो कोणासाठी हेही ठरले होते.

वेस्ली यांच्या काळातील इंग्लंडमध्ये या धर्माज्ञेचा कायदा झाला होता. पॅरिशमधील शेतीच्या उत्पन्नाचा दहावा भाग तेथील धर्मगुरूला देणे बंधनकारक होते. देणाऱ्याची श्रद्धा असो वा नसो, वसुली चुकत नसे. शेतकऱ्याच्या दृष्टीने तो एक कर होता आणि धर्मगुरू हा वसुली करणारा. जॉन वेस्ली यांचा जन्म १७ जून १७०३ रोजी लिंकनशायर परगण्यातील एपवर्थ या गावी अशाच एका धर्मगुरूच्या घरी झाला.

वडील सॅम्युएल वेस्ली विद्वान होते, परंतु व्यवहारात कच्चे. एपवर्थच्या पॅरिशचे उत्पन्न कागदोपत्री बरे होते, तरी कर्ज कधी फिटले नाही. सॅम्युएल आणि सुझॅना या दांपत्याला १९ अपत्ये झाली आणि त्यांतली जवळजवळ निम्मी बालपणीच दगावली. १७०५ सालच्या निवडणुकीत सॅम्युएल यांनी गावातील अनेकांच्या विरुद्ध बाजू घेतली. त्याचा राग धरून एका धनकोने ३० पौंडांहूनही कमी रकमेसाठी त्यांना लिंकनच्या किल्ल्यातील तुरुंगात टाकले. गावाचा दशमांश घेणारा धर्मगुरू गावाच्याच कर्जापायी कैदी झाला. यॉर्कच्या आर्चबिशपांनी सुझॅना यांना घरात कधी भाकरीची चणचण भासली काय, असे विचारले. भाकरी अगदीच नव्हती असे कधी झाले नाही, पण ती मिळवण्याची आणि तिचे पैसे चुकवण्याची चिंता इतकी असे की घास गोड लागत नसे, अशा आशयाचे उत्तर त्या माउलीने दिले.

१७०९ च्या फेब्रुवारीत या घराला आग लागली. पाच वर्षांचा जॉन वरच्या मजल्यावर अडकला होता. शेजाऱ्यांनी एकाच्या खांद्यावर दुसऱ्याला उभे करून त्याला खिडकीतून बाहेर काढले. घर, पुस्तके, सामानसुमान सारे भस्मसात झाले. अशा घरात वाढलेल्या मुलाला पैशाची किंमत वेगळी शिकवावी लागली नाही. पैसा नसण्याने माणसाचे काय होते आणि सक्तीने घेतलेल्या धर्मदानाने देणारा व घेणारा यांच्यात कशी तेढ वाढते, हे त्याने पाहिले होते.

लंडनमधील चार्टरहाउस शाळेनंतर १७२० साली वेस्ली ऑक्सफर्डच्या क्राइस्ट चर्च महाविद्यालयात दाखल झाले. १७२६ मध्ये लिंकन कॉलेजचे फेलो म्हणून त्यांची निवड झाली आणि प्रथमच नियमित प्राप्ती सुरू झाली. धाकटे बंधू चार्ल्स आणि काही मित्र यांच्या साथीने त्यांनी प्रार्थना, उपवास, अभ्यास आणि कैद्यांची भेट असा काटेकोर दिनक्रम आखला. या पद्धतशीरपणाची थट्टा म्हणून इतर विद्यार्थ्यांनी त्यांना मेथडिस्ट म्हणायला सुरुवात केली. थोड्याशा कर्जापायी तुरुंगात खितपत पडलेल्या लोकांची देणी भागवून त्यांना सोडवणे, हा या मंडळींचा एक उपक्रम होता. त्यामागे लिंकनच्या किल्ल्याची आठवण असणे अगदी स्वाभाविक होते.

याच काळातील एक प्रसंग वेस्ली यांनी उतारवयात एका प्रवचनात नोंदवला. हे मित्र ज्या मुलींच्या शिक्षणाचा खर्च करीत, त्यांतली एक मुलगी कडाक्याच्या थंडीत त्यांच्याकडे आली. अंगावर एक पातळ लिननचा झगा होता आणि दुसरे वस्त्र तिच्याजवळ नव्हते. वेस्ली यांनी खिशात हात घातला, तर हाताला फारसे काही लागले नाही. पैसे नुकतेच खोलीच्या भिंतींवरच्या चित्रांपायी खर्च झाले होते. ज्या पैशाने हिची थंडी निवारली असती, त्याने आपण भिंती सजवल्या, हा विचार त्यांना असह्य झाला.

पुढच्या वर्षांचा हिशेब या प्रसंगाच्या प्रकाशात वाचण्याजोगा आहे. एका वर्षी त्यांची प्राप्ती ३० पौंड होती. त्यांनी २८ पौंडांत भागवले आणि २ पौंड दान केले. दुसऱ्या वर्षी प्राप्ती दुप्पट होऊन ६० पौंड झाली, खर्च २८ पौंडच राहिला आणि ३२ पौंड गरिबांकडे गेले. तिसऱ्या वर्षी ९० पैकी ६२ आणि चौथ्या वर्षी १२० पैकी ९२ पौंड त्यांनी दिले. पहिल्या वर्षीचे दान दशमांशाहून कमी होते, चौथ्या वर्षीचे तीनचतुर्थांशाहून अधिक. प्राप्ती वाढली की राहणीमान वाढवायचे, हा जगाचा क्रम त्यांनी उलटा केला. किती द्यायचे हे ठरवण्याऐवजी किती ठेवायचे हे त्यांनी ठरवले आणि ती मर्यादा हलू दिली नाही.

१७३५ साली ते अमेरिकेतील जॉर्जिया वसाहतीत धर्मकार्यासाठी गेले आणि दोन वर्षांत निराश होऊन परतले. २४ मे १७३८ रोजी लंडनच्या अल्डर्सगेट मार्गावरील एका सभेत त्यांना अंतःकरणाला स्पर्श करणारा अनुभव आला. पुढच्या वर्षी ब्रिस्टलजवळ त्यांनी उघड्या मैदानात उपदेश करण्यास प्रारंभ केला. चर्चमध्ये कधी पाऊल न ठेवणारे कोळसा खाणीतले मजूर त्यांचे श्रोते झाले. आता त्यांच्याभोवती गोळा झालेले लोक स्वतःच गरीब होते. अशा लोकांकडून दान मागावे काय, हा नवा प्रश्न होता.

त्याचे उत्तर १७४२ साली ब्रिस्टलमध्ये सापडले. तेथील सभागृहाच्या बांधकामाचे कर्ज फेडायचे होते. प्रत्येकाने आठवड्याला एक पेनी द्यावी, अशी सूचना फॉय नावाच्या एका कप्तानाने केली. अनेकांना तेवढेही परवडणार नाही, हे कोणीतरी लक्षात आणून दिले. त्यावर फॉय यांनी उपाय सुचवला, की सर्वांत गरीब अकरा जण माझ्याकडे सोपवा, त्यांनी दिले तर उत्तम, नाहीतर त्यांच्या वाटचे मी भरीन. इतरही पुढे आले. पेनी गोळा करण्यासाठी दर आठवड्याला घरोघर जाणाऱ्या या प्रमुखांना कोण आजारी आहे, कोणाचे काम सुटले आहे, कोण दारूच्या आहारी गेला आहे हे कळू लागले. कर्जवसुलीसाठी निघालेली ही युक्ती पुढे मेथडिस्ट मंडळीचा कणा ठरली. पेनी देणाऱ्या गरिबालाही आपण देणाऱ्यांपैकी एक आहोत हा मान मिळाला. एपवर्थच्या सक्तीच्या दशमांशाने जे साधले नव्हते, ते एका पेनीने साधले.

कोठे द्यावे या प्रश्नाची प्रयोगशाळा लंडनमध्ये होती. तोफा ओतण्याचा एक जुना, मोडकळीला आलेला कारखाना १७३९ साली वेस्ली यांनी घेतला आणि फाउंड्री या नावानेच तो त्यांच्या कार्याचे केंद्र बनला. १७४० च्या हिवाळ्यात बेकारांपैकी अत्यंत गरीब अशा बारा जणांना तेथे कापूस पिंजण्याचे व सूत काढण्याचे काम देण्यात आले. चार महिने त्यांचा निर्वाह बहुतांशी त्यांच्याच श्रमावर चालला. शहराचे तेवीस भाग करून प्रत्येक भागात दोन याप्रमाणे सेहेचाळीस जण आजाऱ्यांच्या भेटीसाठी नेमले गेले. त्यांनी आठवड्यातून तीनदा रुग्णाकडे जावे आणि खर्चाचा हिशेब कारभाऱ्यांकडे द्यावा, असा नियम होता.

१७४६ साली वेस्ली यांनी औषधनिर्माता आणि शस्त्रवैद्य यांच्या साह्याने तेथे मोफत दवाखाना उघडला. पाच महिन्यांत पाचशेहून अधिक लोकांना औषधे मिळाली. येणारा आपल्या मंडळीचा सभासद आहे की नाही, याची चौकशी त्यांनी केली नाही. जवळच भाड्याने घेतलेल्या दोन लहान घरांत निराधार विधवांची सोय होती. लंडनमध्ये असताना वेस्ली आणि त्यांचे सहकारी उपदेशक त्याच पंगतीला, तेच अन्न जेवत.

याच सुमारास त्यांनी कर्जाऊ रकमेचा एक लहान निधी उभारला. गरजूला त्यातून २० शिलिंगांपर्यंत, म्हणजे एका पौंडापर्यंत, रक्कम मिळे आणि ती तीन महिन्यांत दर आठवड्याच्या हप्त्यांनी परत करावी लागे. परत आलेला पैसा दुसऱ्याच्या हाती जाई. त्या छोट्या भांडवलावर एका वर्षात अडीचशे लोकांची नड भागली. पुढे निधी वाढला, कर्जाची मर्यादाही वाढली. जेम्स लॅकिंग्टन या जोडे शिवणाऱ्या कारागिराने यातून ५ पौंड घेऊन जुन्या पुस्तकांचे दुकान मांडले आणि पुढे तो लंडनमधील अत्यंत मोठ्या पुस्तकविक्रेत्यांपैकी एक झाला. श्रीमंत झाल्यावर त्याने आत्मचरित्रात मेथडिस्टांची यथेच्छ टवाळी केली. बऱ्याच वर्षांनी त्याला पश्चात्ताप झाला आणि त्याने स्वखर्चाने उपासनामंदिरे बांधली. दान घेणारा कृतज्ञ राहीलच, ही अट वेस्ली यांच्या निधीला नव्हती.

या साऱ्या व्यवहारावर नेमलेल्या कारभाऱ्यांना वेस्ली यांनी लेखी नियम घालून दिले होते. काटकसर करावी, ऐपतीबाहेर खर्च करू नये, कर्ज काढू नये, देणी तुंबू देऊ नयेत. याच नियमांत एक वेगळे कलमही होते. मदत मागणाऱ्याला कठोर शब्द बोलू नये आणि कठोर नजरेने पाहूही नये. देता आले नाही, तरी निदान त्याचे मन दुखवू नये. हिशेबात कठोर आणि वागण्यात मऊ, असा हा कारभार होता.

गरीब हे आळसामुळेच गरीब असतात, हा युक्तिवाद त्या काळातही हात आखडता घेणाऱ्यांच्या तोंडी असे. १७५३ च्या फेब्रुवारीत वेस्ली लंडनच्या तळघरांत आणि माळ्यांवर राहणाऱ्या आजारी लोकांना भेटून आले. ज्याला खोलीत सरपटता तरी येत होते, असा एकही माणूस त्यांना रिकामा बसलेला दिसला नाही, आणि हा आरोप धादांत खोटा असल्याचे त्यांनी दैनंदिनीत लिहून ठेवले. योग्य पात्र ओळखण्याचा त्यांचा मार्ग एकच होता, स्वतः जिना चढून जाणे. श्रीमंतांना गरिबांविषयी कळवळा वाटत नाही, याचे कारण ते त्यांच्या घरी कधी जातच नाहीत, असे त्यांचे निदान होते.

या अनुभवांचे सार पैशाच्या विनियोगावरील त्यांच्या प्रवचनात आले. ते १७६० साली प्रसिद्ध झाले. शक्य तितके मिळवणे, शक्य तितके वाचवणे आणि शक्य तितके देणे, ही त्यातील त्रिसूत्री सर्वज्ञात आहे. तिच्या अटी मात्र तितक्या आठवल्या जात नाहीत. मिळवायचे ते स्वतःच्या शरीराला व मनाला अपाय न करता आणि शेजाऱ्याच्या संपत्तीला, देहाला किंवा आत्म्याला धक्का न लावता. दारू गाळून विकणाऱ्यांचा धंदा त्यांनी विषप्रयोगाच्या पंक्तीला बसवला. वाचवायचे म्हणजे पेटीत साठवायचे नव्हे, तर चैनीवर आणि लोकांच्या डोळ्यांत भरण्यावर उधळायचे नाही. मुलांसाठी डोंगराएवढे धन ठेवणे हाही त्यांच्या मते अपव्यय होता. मुले उधळी निघतील असे दिसत असेल, तर त्यांना ददात पडणार नाही एवढे ठेवून बाकीचे सत्कार्याला लावावे, असा त्यांचा सल्ला होता.

देण्याचा क्रमही त्यांनी सांगितला. मनुष्य धनाचा मालक नसून देवाने नेमलेला कारभारी आहे, या भूमिकेतून तो क्रम सुरू होतो. आधी स्वतःच्या आवश्यक गरजा, मग पत्नी, मुले, नोकरचाकर आणि घरातील इतर. त्यानंतर उरेल ते श्रद्धावंतांच्या कुटुंबासाठी, त्यानंतरही उरेल ते सर्व मानवांसाठी. एखाद्या खर्चाविषयी संशय वाटला, तर मनाला चार प्रश्न विचारावेत. आपण येथे मालकासारखे वागतो आहोत की कारभाऱ्यासारखे? हा खर्च देवाच्या वचनाला धरून आहे काय? तो देवाला अर्पण म्हणून पुढे करता येईल काय? अखेरच्या दिवशी त्याचे फळ मिळेल, अशी आशा बाळगता येईल काय?

दशमांशाविषयी त्यांचा कौल याच प्रवचनात आहे. दहावा, तिसरा किंवा अर्धा हिस्सा अशा प्रमाणात स्वतःला अडकवून घेऊ नये, कारण उरलेलाही देवाचाच आहे. नऊ हिस्से आपले मानून एकाने सुटका करून घेण्याची वाट त्यांनी बंद केली. घरात योग्य रीतीने केलेला खर्चही त्यांच्या हिशेबात देवालाच दिलेला होता. म्हणूनच त्या खर्चाचाही जाब द्यावा लागणार होता.

दानाने सर्व प्रश्न सुटतात, असा भ्रम मात्र त्यांना नव्हता. १७७२ च्या टंचाईत त्यांनी लोक का उपाशी आहेत, याची कारणे जाहीरपणे मांडली. दारू गाळण्यासाठी खर्च होणारे धान्य, श्रीमंतांच्या घोड्यांवरचा आणि चैनीवरचा खर्च, लहान शेते गिळणारी मोठी शेते आणि करांचा बोजा यांवर त्यांनी बोट ठेवले. १७७४ साली त्यांनी गुलामगिरीविरुद्ध पुस्तिका लिहिली. माणसे विकून मिळवलेल्या पैशाने केलेला दानधर्म त्यांच्या पहिल्याच सूत्रात बसत नव्हता.

या शिस्तीला एक उणी बाजू होती. १७५१ साली त्यांनी मेरी व्हाझील या सधन विधवेशी विवाह केला. तिच्या संपत्तीला हात लावायचा नाही, अशी व्यवस्था त्यांनी आधीच केली होती. पैशाचा प्रश्न त्यांनी चोख सोडवला, वेळेचा सोडवला नाही. त्यांचे प्रवास थांबले नाहीत, पतिपत्नींत संशय आणि कटुता वाढली, ती अनेकदा घर सोडून गेली. १७८१ साली तिचे निधन झाले, तेव्हा दफन आटोपल्यावर वेस्ली यांना ते कळले. देण्याच्या क्रमात पत्नीला आरंभी ठेवणाऱ्या या माणसाने स्वतःच्या घराला फार थोडे दिले.

दरम्यान त्यांची स्वस्त पुस्तके अनपेक्षितपणे खपू लागली आणि ते नकळत श्रीमंत झाले. हाती आलेला पैसा त्यांनी थांबू दिला नाही. १७७६ साली करखात्याने त्यांच्याकडील चांदीच्या भांड्यांची माहिती मागवली. लंडनमध्ये दोन आणि ब्रिस्टलमध्ये दोन चमचे आहेत, आणि भोवती इतके लोक भुकेले असता याहून अधिक घेण्याचा आपला विचार नाही, असे त्यांनी कळवले.

अनुयायांची गोष्ट वेगळी होती. वेस्ली यांच्या शिकवणीने व्यसने सुटली, उद्योग वाढला, काटकसर अंगवळणी पडली आणि साहजिकच पैसा साठला. पहिली दोन सूत्रे मेथडिस्टांनी उत्तम पाळली, तिसरे बहुतेकांनी सोडले. धर्मामुळे उद्योग व काटकसर वाढते, त्यांतून संपत्ती येते आणि ती संपत्तीच धर्माचा प्राण घेते, हे चक्र वृद्ध वेस्ली यांना स्पष्ट दिसत होते. अखेरच्या वर्षांतील त्यांची प्रवचने याच विषयावर तळमळीने परत परत येतात. जे मिळवता आणि वाचवता ते देणार नसाल, तर माझ्या शिकवणीने तुमचे अकल्याणच केले, असा त्यांचा सूर होता.

१७८५ च्या जानेवारीत, वयाच्या ८१ व्या वर्षी, ते स्वतः लंडनच्या रस्त्यांवर उतरले. दरवर्षी या दिवसांत गरिबांना कोळसा आणि पाव वाटला जाई. यंदा त्यांना कपड्यांचीही गरज आहे, हे वेस्ली यांच्या ध्यानात आले. घोट्यापर्यंत वितळत्या बर्फात पाच दिवस, सकाळपासून संध्याकाळपर्यंत, दारोदार फिरून त्यांनी २०० पौंड जमवले आणि त्यानंतर अतिसाराने ते अंथरुणाला खिळले. ऑक्सफर्डच्या त्या मुलीला द्यायला खिशात पैसे नव्हते, त्याला तोवर पन्नासहून अधिक वर्षे लोटली होती.

१७९० च्या उन्हाळ्यात त्यांनी हिशेबाची वही मिटली. थरथरत्या हाताने अखेरची नोंद केली, की यापुढे हिशेब ठेवण्याचा प्रयत्न करणार नाही, कारण शक्य तितके वाचवतो आणि जवळ असेल ते सर्व देतो, एवढी खात्री पुरेशी आहे. २ मार्च १७९१ रोजी लंडनमध्ये त्यांचे निधन झाले. मृत्युपत्रात पुस्तकांचे उत्पन्न प्रवासी उपदेशकांच्या कार्याला दिले होते, आणि त्यातून बंधू चार्ल्स यांच्या विधवा पत्नीला वर्षाला ८५ पौंड देण्याची तरतूद होती. खिशात आणि मेजात उरेल ती रोकड वाटून द्यायची होती. शवपेटी सहा गरीब माणसांनी वाहावी आणि प्रत्येकाला २० शिलिंग द्यावेत, असेही त्यात लिहिले होते. फाउंड्रीच्या निधीतून गरजूला आरंभी मिळणारी कर्जाची कमाल रक्कम तेवढीच होती.